राणी कलरचा चतुर

आमच्या कंपनीच्या मॅनेजर साहेबांनी नवी काळी गाडी घेतली, तेव्हा ती उभी करायला त्यांना माझ्या स्टोअरच्या दारासमोरची जागा आवडली. मी अंबरनाथला एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे. नटबोल्ट, बेअरिंग, गॅस्केट, पट्टे, रंगाचे डबे, जे लागेल ते माझ्याकडून घ्यायचं आणि कार्डावर सही करायची. तेवीस वर्षं हेच काम करतोय.

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी डबा खाऊन, हात धुऊन परत येत होतो. गाडीच्या बॉनेटवर एक चतुर काहीतरी विचित्र करत होता. वीतभर उंचीवर थांबायचा, खाली यायचा, शेपटीचं टोक बॉनेटला टेकवायचा, पुन्हा वर. टक, टक, टक. एवढ्या कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर याला काय मिळत असेल, म्हणून मी थांबलो. तो गेल्यावर जवळ जाऊन पाहिलं, तर बॉनेटवर बारीक खसखशीसारखे दाणे चिकटले होते.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, त्याला पण गाडी आवडली वाटतं."

मी हसलो, पण ते दाणे डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीच्या फायर टँकवर गेलो. आग लागली तर पाणी असावं म्हणून बांधलेला तो उघडा सिमेंटचा हौद. इतकी वर्षं मी त्याच्या बाजूने जात होतो, पण कठड्यावर कधी बसलो नव्हतो. त्या दुपारी बसलो आणि अर्ध्या तासात सहा-सात चतुर मोजले. काही पाण्यावर गस्त घालत होते, काही कडेच्या तारेवर बसून राहत होते आणि मधेच झेप घेऊन पुन्हा त्याच तारेवर, त्याच जागी परत येत होते. त्या दिवसापासून माझी जेवणाची सुट्टी हौदाच्या कठड्यावर जाऊ लागली.

आम्ही राहतो बदलापूरला, खरवईच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी सुरू होणार याखेरीज फारसं काही नसतं. त्यात एकदा कुणीतरी निरोप टाकला की, जवळच राहणारे एक निवृत्त शिक्षक दर रविवारी सकाळी चतुर आणि टाचण्या, म्हणजे चतुरांचे बारीक भाऊबंद, दाखवायला नेतात, ज्यांना यायचं त्यांनी यावं. मी गेलो. आठ-दहा माणसं होती. सर सत्तरीच्या आसपासचे, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात प्लास्टिकचे सँडल. मी ओळख करून द्यायच्या आधी गाडीची गोष्ट सांगितली.

"ती मादी होती," सर म्हणाले. "तिला ते पाणी वाटलं. वरून चकाकतं ते पाणी, एवढंच तिला ठाऊक."

"म्हणजे तिची सगळी अंडी फुकट गेली?"

"त्या दिवसाची गेली. दुसऱ्या दिवशी गेली असेल दुसरीकडे. तुम्ही उगाच वाईट वाटून घेऊ नका."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलंच होतं. सरांच्या ते लक्षात आलं, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांनी मला शिकवायचं ठरवलं.

पहिल्या रविवारी एवढंच कळलं की बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरतो तो चतुर, आणि पंख मिटून पाठीवर घेते ती टाचणी. चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, टाचणीचे दोन टोकांना, डंबेल्ससारखे. हे मला लगेच जमलं. आकार म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. बोल्ट हातात घेतला की आटे मोजायच्या आधी मी माप सांगतो. पण पुढच्या रविवारपासून सरांनी प्रजाती शिकवायला सुरुवात केली, आणि माझी पंचाईत झाली.

"हा पूर्ण लाल. याची मादी पिवळसर तपकिरी. तो पलीकडचा हिरवट, अंगावर काळे पट्टे. लक्षात ठेवा, लाल बसला की ठळक दिसतो, हिरवा गवतात लपतो."

सगळे "हो, हो, दिसला" म्हणत होते. मीही म्हणत होतो.

मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. अगदीच नाही असं नाही, पण पानाचा हिरवा, विटेचा लाल, चॉकलेटी, मेंदी, हे सगळे मला एकाच मातकट घराण्यातले वाटतात. पिवळा आणि निळा मात्र स्वच्छ दिसतात. हे मला पहिल्यांदा कळलं बाविसाव्या वर्षी. रेल्वेची लेखी परीक्षा पास होऊन मेडिकलला गेलो होतो. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला. पहिल्या पानावरचा बारा मला दिसला, तो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानांवर नुसते ठिपके. डॉक्टर पानं उलटत होते आणि "पुढचा? पुढचा?" म्हणत होते, शेवटी त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर मिटलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या मागचा मुलगा विचारत होता, "सोपं होतं ना रे?"

घरी आईला सांगितलं. आईने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या मामाचं असंच होतं. कुणाला सांगू नकोस. लग्नाच्या वेळी उगाच अडचण येईल." शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं की यादीत नाव आलं नाही. आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही. सिग्नलला वरचा दिवा की खालचा, एवढं बघितलं की गाडी चालवता येते. शर्ट घ्यायचे ते पांढरे आणि निळे. स्टोअरमध्ये रंगाचा डबा झाकण उघडून कधी दिला नाही, लेबल वाचून दिला. टोमॅटो दाबून बघायचे. तरी हिरवे यायचेच. बायको म्हणायची, "यांना भाजी आणायला पाठवायचं म्हणजे दोनदा जायची तयारी ठेवायची." ती मला वेंधळा समजायची, आणि मला ते सोयीचं होतं.

आणि माझी बायको काम करते कुठे, तर उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका मॅचिंग सेंटरमध्ये. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. बायका साडी घेऊन येतात, ती साडीच्या काठावर नजर टाकते आणि मागे न बघता रॅकमधून बरोबर तो तागा ओढते. दुकानाचे सिंधी शेठ तिला 'दादी' म्हणतात. त्यांच्यात दादी म्हणजे मोठी बहीण. शेठ तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे आहेत, पण रंगाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. सकाळी मी तिला स्कूटरवरून अंबरनाथपर्यंत सोडतो, पुढे ती शेअर रिक्षाने जाते. अशा बाईपासून मी चोवीस वर्षं हे लपवलं होतं.

तर चतुरांकडे वळतो. रंग गेला म्हटल्यावर माझ्याकडे उरलं ते बाकीचं सगळं. मी एक जाड वही केली आणि स्टोअरच्या कार्डासारखे रकाने आखले. कुठे बसतो: जमिनीवर, काडीच्या टोकाला, की लटकून. परत त्याच जागी येतो का. पोट सरळ की मधे बारीक. पंखाच्या टोकाजवळ जो जाड ठिपका असतो तो लांब की आखूड. पाय केवढे. भर दुपारी शेपूट सूर्याकडे करून उभी ठेवतो का. ते करणारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं त्याला काही झालंय. सर म्हणाले, "ऊन कमी लागावं म्हणून. अंग जेवढं सूर्याच्या रेषेत, तेवढी सावली कमी पडते, म्हणजे तापतंही कमी."

खरवईच्या मागे जुन्या वीटभट्टीचा एक खड्डा आहे. माती काढून काढून खोल झालेला, आता त्यात बारमाही पाणी असतं आणि कडेने पाणकणसं उगवली आहेत. रोज संध्याकाळी कामावरून आलो की चहा घेऊन मी अर्धा तास तिथे जायला लागलो. तिथे एक चतुर होता ज्याचे पंख पिवळेधमक, वर काळे डाग, आणि उडणं असं तरंगतं की फुलपाखरूच वाटावं. तो मला पूर्ण दिसायचा, इतरांना दिसतो तसाच. तो पाण्यावर आला की मी बाकीचं सगळं सोडून त्याच्याकडे बघत बसायचो.

चुकाही पुष्कळ केल्या. एकदा सरांनी आम्हाला अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ नेलं होतं. देवळात दर्शनाची रांग आणि मागे वालधुनी नदीचं काळं पाणी. त्या पाण्यावरही चतुर होते, आणि भरपूर होते. "घाण पाण्यात टिकणारा गडी आहे हा," सर म्हणाले. मी त्या एका ठिकाणी वहीत तीन वेगळ्या प्रजाती लिहिल्या. सरांनी वही बघितली आणि मोठ्याने हसले. "अहो, हा नर, ही मादी, आणि हा कालपरवा पंख फुटलेला त्यांचा पोरगा. एकाच घरातली माणसं आहेत!" सगळे हसले. मीही हसलो, पण आत कुठेतरी ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा मिटल्यासारखं झालं.

फेब्रुवारीत एका रविवारी बायकोच्या दुकानाला सुट्टी होती. ती म्हणाली, "रोज कुठल्या खड्ड्यावर जाता ते बघू तरी. शेजारच्या वहिनी मला विचारतात, मिस्टर हातात दुर्बीण घेऊन कुठे जातात."

आम्ही दोघं गेलो. मी तिला दगडावर बसवलं, पाण्यावर गस्त घालणारा कोण आणि काडीवर बसणारा कोण ते समजावलं. तिला मजा वाटत होती. एकदम तिने माझा दंड धरला.

"अहो, तो बघा!"

"कुठे?"

"समोर. त्या उभ्या पात्यावर. लाल भडक!"

मी दुर्बीण लावली. समोर पाणकणसाची शंभर पाती होती, सगळी एका रंगाची.

"त्या वाकलेल्याच्या डावीकडे. एवढा मोठा आहे, दिसत कसा नाही?"

"हो, हो. दिसला. छान आहे."

मी दुर्बीण खाली केली तर ती माझ्याकडे बघत होती.

"तो मघाशीच उडाला," ती म्हणाली. "तुम्ही दुर्बीण लावायच्या आधीच. मी मुद्दाम सांगत राहिले."

मी दुर्बिणीचा पट्टा गुंडाळायला लागलो.

"न बघता हो का म्हणालात?"

मग मी सांगितलं. रेल्वेचं मेडिकल, ठिपक्यांचं पुस्तक, मामा, आईने सांगितलेलं. इतक्या वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपली. ती ऐकत होती आणि हातातल्या काडीने मातीत रेघा ओढत होती.

"साखरपुड्याच्या आधी मी फोनवर विचारलं होतं, शालू कुठल्या रंगाचा घेऊ," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात हिरवा. मला हिरवा आवडतो म्हणालात."

"आईने सांगितलं होतं, विचारलं तर हिरवा सांग."

"मी तो अजून मलमलच्या कापडात गुंडाळून ठेवलाय." ती उठली, साडीला लागलेली माती झटकली. "मी रोज पन्नास बायकांना रंग दाखवते. घरी येऊन तुम्हाला विचारायचे, हा कसा, तो कसा. तुम्ही म्हणायचात, तुझ्या धंद्यात मी काय बोलणार. मला वाटायचं, केवढा मान देतो हा माणूस."

त्यानंतर तीन-चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढलंय, गॅसवाला येऊन गेला, उद्या लवकर निघायचंय. रागावली असती तर बरं झालं असतं. स्कूटरवर मागे बसायची, पण खांद्यावर हात ठेवायची नाही, सीटच्या मागचा दांडा धरायची.

गुरुवारी ती दुकानातून एक भरलेली पिशवी घेऊन आली. जेवण झाल्यावर हॉलमधली टीपॉय सरकवली आणि पिशवी फरशीवर उलटी केली. पन्नासेक कापडाचे तुकडे होते, ग्राहकांना दाखवायला ठेवतात ते.

"बसा," ती म्हणाली. "जे तुम्हाला सारखे दिसतात ते एकत्र ठेवा."

"कशाला?"

"मला बघायचंय. तुम्हाला काय दिसतं ते मला बघायचंय."

मी बसलो. एकेक तुकडा उचलून ढीग करायला लागलो. ती वाकून बघत होती आणि मधे मधे तिच्या तोंडून निघत होतं, "बाप रे. मेंदी आणि रस्ट? एकत्र?" मग, "गाजरी पोपटीत टाकलात!" सुरुवातीला मी दर वेळी ठेवलेला तुकडा परत उचलायचो. पण तिच्या आवाजात वेगळंच काहीतरी होतं, लहान मूल पहिल्यांदा भिंगातून बघताना बोलतं तसं. पिवळ्या आणि निळ्यांत मी एकही चूक केली नाही. शेवटी खाकी रंगाचे दोन तुकडे उरले. ते मी दोन वेगळ्या ढिगांत ठेवले.

"हे एकच आहेत हो," ती म्हणाली. "एकाच ताग्यातले."

"नाहीत."

"मी स्वतः कापलेत."

"हा जास्त हिरव— मला माहीत नाही काय ते. पण हे एक नाहीत."

तिने दोन्ही तुकडे ट्यूबलाइटखाली धरले, मग गॅलरीत नेले. परत आली आणि दोन्ही पर्समध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरात शिरली तीच हसत. "शेठनी रजिस्टर काढून बघितलं. दोन वेगळ्या लॉटचे तागे एका खणात ठेवले होते. शेठ म्हणाले, दादी, तुम्हारी आँख को क्या हुआ? मी म्हटलं, माझ्या नाही, माझ्या मिस्टरांच्या डोळ्याने पकडलंय."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. चालेल ना?"

"चालेल," म्हणालो. आणि खरंच चाललं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर तिचा हात खांद्यावर होता.

त्यानंतर सुट्टी असेल त्या रविवारी ती माझ्याबरोबर यायला लागली, आणि वहीत एक नवा रकाना आला. मी आकार, बसणं, पाय, पंख लिहायचो आणि ती रंग सांगायची. पुस्तकात लिहिलेलं लाल-तपकिरी तिला पटायचंच नाही. "तपकिरी म्हणजे काय? चिकू आहे, कॉफी आहे, बदामी आहे. हा चिकू." माझ्या वहीत आता फिरोजी पोटाची टाचणी आहे, लेमन पोटाची टाचणी आहे, आणि एका चतुरापुढे 'मोरपंखी, धुतल्यावर उतरलेला' असं लिहिलंय.

खड्ड्यावरचे लाल चतुर मी तोवर एकच समजत होतो, आणि फोटो पाठवला की सर म्हणायचे, "दोन आहेत हो, नीट बघा." मला ते दोन कधी सापडले नाहीत. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हा लाल. कुंकवाचा लाल. तो लाल नाही. तो राणी कलर आहे." तिला दोघांची नावंही माहीत नव्हती. मग ती म्हणेल तेव्हा मी दुर्बिणीतून एकेकाला धरून ठेवायचो आणि दुसरा काहीतरी फरक शोधायचो, रंग सोडून. महिनाभराने सापडला. कुंकवाच्या पाठीवरून शेपटीपर्यंत एक बारीक काळी रेघ जाते, शिवणीसारखी. राणीच्या पाठीवर ती नाही. आता बायको बरोबर नसली तरी, पाठ नीट दिसली की मी दोघांना ओळखतो. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ही रेघ पुस्तकात आहे. पण राणी कलर पुस्तकात नाही, तो मी घेतो."

पावसाळा संपताना सरांनी सगळ्या ग्रुपला आमच्या खड्ड्यावर आणलं. पंधराएक माणसं होती, दोन-तीन नवीन. बायको दुकानात होती. पाण्याच्या कडेला वाळक्या काडीच्या टोकावर एक मळकट पिवळसर चतुर बसला होता. सरांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "राणीची मादी."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मला तो चतुर ओळखीचा होता. गेले कितीतरी महिने तो किंवा त्याचे भाऊबंद त्याच काडीवर मी बघत होतो. बोलावं की नाही? सर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, चाळीस वर्षं हेच बघत आलेले.

"सर," मी म्हटलं, "याचे पाय बघा जरा."

"काय पायांचं?"

"फार लांब आहेत. कोळ्यासारखे. राणीची मादी काडीला चिकटून बसते. हा काडीपासून वर उचलल्यासारखा बसलाय. मला वाटतं हा वेगळा आहे."

सरांनी दुर्बीण पुन्हा लावली. बराच वेळ धरली. नवीन आलेल्यांपैकी कुणीतरी खाकरलं. मग सरांनी दुर्बीण खाली केली.

"बरोबर आहे. लांब पायांचा आहे. खोडा सगळ्यांनी. मी रंग बघून बोललो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही रंगाला फसला नाहीत ते कसे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सहज म्हणता आलं असतं की, रोज येतो ना, सवय झाली.

"मला रंग दिसत नाहीत, सर," मी म्हणालो. "लाल-हिरवा कळत नाही. लहानपणापासून. म्हणून पाय बघतो."

मला वाटलं होतं की आता शांतता पसरेल. तसं काही झालं नाही. एक बाई लगेच म्हणाल्या, "माझ्या भावाला आहे तसं, तो पायमोजे नेहमी वेगवेगळे घालतो." एकाने विचारलं, मग सिग्नल कसा कळतो, आणि मी वरचा-खालचा सांगितला. सर मात्र विचारात पडले होते.

"म्हणजे इतके दिवस मी लाल, हिरवा, तपकिरी ओरडत होतो, तेव्हा तुम्ही..."

"हो हो म्हणत होतो."

"अरे देवा," सर म्हणाले, आणि त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. पुढच्या रविवारपासून त्यांनी नवा नियम केला. कुठलाही चतुर दिसला की पहिली काही मिनिटं रंगाचं नाव काढायचं नाही. बसतो कसा, उडतो कसा, पाय, पंख, डोळे, ते आधी बोलायचं, आणि सगळं संपल्यावर रंग. नवीन माणसं सुरुवातीला वैतागतात. एकदा एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "सर, लेकिन वो इतना रेड है, कैसे नहीं बोलूँ?" पण थोड्या वेळाने तीच गुडघ्यावर बसून चतुराचे पाय मोजत होती.

मधल्या काळात मी आईलाही सांगितलं की बायकोला कळलंय. आई आता ऐंशीची आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "भांडली का?" मी म्हटलं, चार दिवस. आई म्हणाली, "चारच? मग मी उगाच घाबरले होते म्हणायची."

गेल्या महिन्यात एका सुट्टीला आम्ही दोघं बदलापूरच्या बाहेर, बारवी रोडच्या बाजूला एका ओढ्यावर गेलो. पाणी घोट्याएवढं, दगडांमधून वाहणारं, वर झाडांची गच्च सावली. अशा पाण्यावर टाचण्या वेगळ्या असतात असं सरांनी सांगितलं होतं. तासभर काही दिसलं नाही. बायकोने चपला काढून पाण्यात पाय सोडले होते आणि ती डब्यातली पोळी खात होती. मी दगडावर पालथा पडून समोरच्या लोंबत्या मुळ्या बघत होतो. एका मुळीची जाडी मधेच बदलल्यासारखी वाटली. बघितलं तर टाचणी. इतकी बारीक की श्वास लागला तर उडेल.

मी हाताने खूण केली. ती पोळी तशीच हातात धरून हळूच आली आणि माझ्या शेजारी वाकली.

"दिसली?" मी कुजबुजलो.

"नाही. कुठे?"

"ती तिसरी मुळी. खालून वर ये. थांब. तिथे."

तिला दिसायला बराच वेळ लागला. मग तिने श्वास आत घेतला. "अगं बाई."

"रंग सांग."

ती बघत राहिली. डोकं एकदा इकडे कललं, एकदा तिकडे. "फिरोजी नाही. रामा ग्रीनही नाही. उन्हात वेगळा दिसतोय, सावलीत वेगळा. असा तागा आमच्याकडे आला नाही कधी."

"मग लिहू काय?"

"तुम्ही आधी तुमचं लिहा."

मी दुर्बिणीतून पंख बघितले. त्या जाळीचा आकार माझ्या वहीत कुठेच नव्हता. डोळे एकमेकांपासून लांब, पोट काडीसारखं, आणि शेपटीच्या टोकाला एक वाक, जो मी आजवर बघितला नव्हता. फोटो काढायला मोबाइल काढला, पण तोवर टाचणी दुसऱ्या मुळीवर गेली आणि मग पाण्यावरून वळून झाडाआड दिसेनाशी झाली.

वहीत मी तारीख घातली, ओढ्याची खूण लिहिली, आणि बाकीचे रकाने मोकळे सोडले. बायकोने उरलेली अर्धी पोळी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पुन्हा पाण्यात उतरली.

"बसा अजून तासभर," ती म्हणाली. "एकटी नसेल ती."